अण्णांचा फोन काढून घेऊ नका

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७१ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. कराडजवळ गावी आई, दादा आणि वहिनीबरोबर राहतात. मी चिंचवडला असते. मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या जुन्या सहकारी गुरुजींच्या व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका आली. अण्णांनी ती उघडायला बघितली, पण पत्रिका काही दिसली नाही. मंगळवारी ते पासबुक भरून घ्यायला बँकेत गेले. मशीनमधून पासबुक बाहेर आलं तेव्हा रविवारी रात्री तीन वेळा मिळून १ लाख ३८ हजार रुपये गेलेले दिसले. त्यांनी पासबुक मिटलं, पिशवीत घातलं आणि घरी आले. शनिवारपर्यंत कुणाला एक शब्द सांगितला नाही. आईलासुद्धा नाही.

दादाला कळल्यावर तो फार बोलला त्यांना. सोमवारी बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, "ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातच नाहीत, चूक तुमचीच." अण्णा शपथेवर सांगतात की त्यांनी ओटीपी कुणाला दिलेला नाही. आता दादा म्हणतो, त्यांचा स्मार्टफोन काढून घेऊ आणि साधा बटणांचा फोन देऊ. नाहीतर त्यांच्या फोनवर लक्ष ठेवणारं एखादं ॲप टाकू, म्हणजे त्यांना काय येतं-जातं ते आपल्याला दिसेल. अण्णा जेवण झालं की सोप्यात जाऊन बसतात, कुणाशी बोलत नाहीत. फोन तर त्यांनी स्वतःच कपाटात ठेवलाय. पैसे परत मिळतील का? आणि फोनचं काय करावं?

— एक मुलगी, चिंचवड

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला ईमेलवर चार ओळी पाठवल्या होत्या: बाकी सगळं राहू द्या, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तुम्ही लगेच केलात आणि दुसऱ्या दिवशी तक्रारीचा क्रमांकही कळवलात. १ लाख ३८ हजारांपैकी ४१ हजार परराज्यातल्या एका खात्यात सापडले आणि तिथेच रोखून धरले गेले, हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! बाकीचे पैसे पुढे गेलेत. ते सगळे मिळतील असं आश्वासन मी देणार नाही, पण वाटा अजून बंद झालेल्या नाहीत. त्यांच्याकडे मी शेवटी येते, कारण त्याआधी अण्णांविषयी बोलायला हवं.

अण्णा खरं सांगतायत. त्यांनी ओटीपी कुणालाही दिलेला नाही आणि तरीही तो चोराला मिळाला. हे कसं होतं ते दादाला नीट समजावून सांगा, कारण त्याचा सगळा राग याच एका गैरसमजावर उभा आहे.

अण्णांना आलेली ती फाइल पत्रिका नव्हतीच. पत्रिका म्हणजे एक तर फोटो असतो, नाहीतर पीडीएफ. हिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं असणार. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचं अख्खं ॲप. प्ले स्टोअरचा दरवाजा चुकवून ते व्हॉट्सॲपमधून थेट फोनमध्ये येतं. त्यावर बोट ठेवलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणाहून आलेलं हे ॲप बसवू का? मग ते ॲप स्वतः विचारतं, तुमचे मेसेज वाचू का? समोर जुन्या मित्राचा फोटो आहे, मित्राच्या घरचं लग्न आहे, आणि पत्रिका उघडण्यासाठीच हे विचारत असेल असं वाटतं. माणूस 'अनुमती द्या' दाबतो. त्यानंतर पडद्यावर काहीच घडत नाही. अनेकदा ॲपचं चिन्हसुद्धा दिसेनासं होतं. इकडे बँकेकडून आलेला प्रत्येक मेसेज गुपचूप वाचला जातो आणि पुढे चोराकडे रवाना होतो. काही ॲप तर पैसे गेल्याचा मेसेज फोनच्या मालकाला दिसूही देत नाहीत. अण्णांना रविवारी रात्रीची गोष्ट मंगळवारी पासबुकावरून कळली, ती बहुधा यामुळेच.

आणि ज्या गुरुजींच्या नावानं पत्रिका आली, त्यांच्यावर राग धरू नका. तेही अण्णांसारखेच फसलेले असणार. चोर आपल्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून गुरुजींचा नंबर घालतो. व्हॉट्सॲप खात्री करण्यासाठी सहा आकडी कोड मेसेजनं पाठवतं. तो कोड गुरुजींच्या फोनमधलं ॲप चोराला पोचवतं आणि गुरुजींचं खातं त्याच्या हाती जातं. मग तीच पत्रिका गुरुजींच्या नावानं, गुरुजींच्या फोटोसह, त्यांच्या सगळ्या ओळखीच्यांना जाते. म्हणूनच अण्णांचा नंबर ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्यांना आजच कळवायला हवं, की अण्णांकडून एखादी फाइल आली असेल तर हात लावू नका. सासरचे, माहेरचे, निवृत्त शिक्षकांचा ग्रुप, दूधवाला, सगळे.

आता त्या चार दिवसांबद्दल. मंगळवार ते शनिवार.

मी सत्तावीस वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. निवृत्तीच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. एक आजोबा सकाळी दहाच्या सुमारास आले आणि रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला की मागच्याला म्हणायचे, "तुम्ही घ्या पुढं." असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी मीच त्यांना बोलावलं. त्यांनी पासबुक पुढे केलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "यातली एक नोंद समजत नाही." मी नोंद पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "ओटीपी दिला होता का कुणाला?" रांगेतली माणसं वळून बघायला लागली. आजोबांनी पासबुक परत ओढून घेतलं, "नंतर येतो" म्हणाले आणि गेले. ते नंतर आले ते आठवड्यानं, मुलाला घेऊन. तोवर काही उरलं नव्हतं. पैसे आदल्या रात्रीच गेले होते. त्यांनी त्याच सकाळी मला नीट सांगितलं असतं, तर निदान काही रक्कम वाचली असती. त्यांना सांगू दिलं नाही ते मी. माझ्या त्या एका प्रश्नानं आणि माझ्या आवाजानं.

हे मी इतक्या वर्षांनी लिहितेय, कारण तुमच्या पत्रात मला तेच आजोबा दिसले. फसवणुकीत पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात तासाभरात फिरवले जातात. ही खाती बहुतेकदा भाड्याची असतात, चार-पाच हजारांसाठी आपलं पासबुक, कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या पोरांची. (कुणी तुमच्या ओळखीतल्या कॉलेजच्या मुलाला असं काही सुचवत असेल तर त्याला वेळीच सांगा, पोलीस आधी ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात येतात.) १९३० वर फोन गेला की बँकांना कळवलं जातं आणि पैसे ज्या खात्यात पोचले असतील तिथे गोठवले जातात. पोलीस पहिल्या काही तासांना महत्त्व देतात ते याचसाठी. अण्णांचे ४१ हजार कुठल्याशा खात्यात पडून राहिले, हे निव्वळ नशीब.

अण्णांनी चार दिवस का लपवलं असेल? चौतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या, त्यांना स्वतःची चूक पोराला सांगणं किती जड गेलं असेल, विचार करा. आणि सांगितल्यावर काय झालं? दादा ओरडला. मी दादाला दोष देत नाही. पैसा कष्टाचा होता, त्याचा जीव तुटला. पण पुढच्या वेळी असं काही घडलं, तर अण्णा चार दिवस लपवतील की चार महिने, हे दादा आता त्यांच्याशी कसा वागतो त्यावर ठरेल. पुढची वेळ येऊ नये म्हणून आपण सगळं करू, पण ती येणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. माझ्यावर येऊ शकते, तुमच्यावरही.

म्हणून फोन काढून घेऊ नका.

त्या फोनवर अण्णा नातवाशी बोलतात, निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपमध्ये असतात, पेन्शनची बातमी वाचतात. तो काढून घेतला की घरात त्यांचं वजन आणखी एका गोष्टीनं कमी होईल. शिवाय बटणांचा फोन दिला म्हणून त्यांना चोराचा कॉल यायचा थांबत नाही. कॉलवरून होणारी फसवणूक तर उलट साध्या फोनवर ओळखायला अवघड, कारण अनोळखी नंबर कुणाचा ते तिथे सहसा कळत नाही.

आणि लक्ष ठेवणारं ॲप? ते तर अजिबात नको. दादाची भावना मला कळते, पण अशा ॲपला मेसेज वाचायची, पडदा बघायची, फोन दुरून चालवायची परवानगी लागते. अशीच परवानगी त्या लग्नपत्रिकेनं मागितली होती. एका दारातून चोर आला म्हणून तसंच दुसरं दार आपणच पाडायचं का? पडदा दुसऱ्याला दाखवणाऱ्या ॲपमधून खाती रिकामी होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना दिला होता. आणि सुरक्षेचा विचार बाजूला ठेवला तरी, अण्णांचे मेसेज त्यांचे आहेत. ते आईला काय पाठवतात, जुन्या मित्रांशी कुणाबद्दल काय बोलतात, दवाखान्याचा कुठला रिपोर्ट त्यांनी अजून घरात दाखवलेला नाही, हे वाचायचा हक्क आपल्याला मुलगा-मुलगी म्हणून मिळत नाही.

त्यापेक्षा एक रविवार काढा. गावी जा, अण्णांच्या शेजारी बसा आणि फोन त्यांच्याच हातात राहू द्या. बोट त्यांचं फिरू दे, तुम्ही नुसतं सांगा.

सगळ्यात आधी त्या फोनमधलं सिम काढून कुठल्याही साध्या हँडसेटमध्ये घाला, म्हणजे बँकेचे मेसेज आता तिकडे येतील. मग ती पत्रिका, ती आली तो व्हॉट्सॲपचा पडदा, तारीख-वेळ, सगळ्याचे दुसऱ्या फोननं फोटो काढून ठेवा. हे आधी करायचं. मी अनेक घरांत पाहिलंय की घाबरून आधी फोन साफ करतात आणि पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. फोटो झाले की हवे ते कौटुंबिक फोटो बाजूला काढा आणि फोन फॅक्टरी रिसेट करा. नुसतं ॲप डिलीट करून भागत नाही, कारण ते लपलेलं असतं. पासवर्ड आणि पिन बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. जीमेलचाही पासवर्ड बदला. तो एक राहिला तर बाकीचे बदलून उपयोग नाही.

फोन पुन्हा सुरू झाला की सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' असा एक पर्याय शोधा. शोधायच्या चौकटीत 'अननोन' एवढं टाइप केलं तरी सापडतो. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स अशी यादी दिसेल आणि प्रत्येकापुढे एक बटण. सगळी बंद. हे करताना अण्णांना ते पडद्यावर दाखवा: या बटणामुळेच पत्रिका आत शिरली. त्यांना कारण समजलं की ते कधीच विसरणार नाहीत, शिक्षक आहेत ते. मग प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोकादायक ॲप शोधणारी सोय, चालू आहे ना ते बघा. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. ती असती तर मेसेजमधला कोड मिळूनही गुरुजींचं खातं चोराला उघडता आलं नसतं. आणि हे व्हॉट्सॲप आणखी कुठे उघडलंय ते 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये बघा, ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर लॉगआउट करा.

बँकेच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. दुसरं एक छोटं बचत खातं उघडा, त्यात दर महिन्याला पाच-सात हजार टाका आणि गूगल पे, फोन पे जे काय असेल ते त्या खात्यावर चालू द्या. किराणा, औषधं, रिचार्ज तेवढ्यात भागतं. काही झालंच तर तेवढंच जाईल. पेन्शन खात्याच्या कार्डवरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करून टाका. ही सोय देणं रिझर्व्ह बँकेनं २०२० पासून बँकांना बंधनकारक केलं आहे. आणि मुदत ठेव मोबाइलवरून मोडता येते का, ते शाखेत विचारा. येत असेल तर ती सोय बंद करायचा अर्ज द्या. चोर खातं रिकामं करून थांबत नाहीत, ठेव मोडून तीही नेतात.

आधारचं एक काम नक्की करा, कारण याबद्दल गावात फारसं कुणी बोलत नाही. आधारला जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात. गावातल्या केंद्रावर तुम्ही ते पाहिलं असेल. तिथे ओटीपी लागत नाही. तेलंगण आणि कर्नाटकात जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवरून अंगठ्यांचे ठसे उचलून गैरवापर झाल्याची प्रकरणं उघड झाली. अण्णांनी आयुष्यात किती खरेदीखतांवर साक्षीदार म्हणून अंगठे दिले असतील! यावर उपाय फुकट आहे. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर 'बायोमेट्रिक लॉक' करा. मग कुणी अंगठा लावला तरी मशीन ३३० हा एरर दाखवतं, पैसे निघत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा: नोव्हेंबरात हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीनं देताना हे कुलूप थोड्या वेळासाठी उघडावं लागतं. तेव्हा केंद्रावर गेल्यावर "अंगठा लागत नाही, पेन्शन बंद होणार" म्हणून अण्णा घाबरायला नकोत. हे त्यांच्या डायरीत त्यांच्याच अक्षरात लिहून ठेवायला सांगा. आणि हॉटेलात, लॉजवर, सिमच्या दुकानात आधारची झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता एक इशारा, आणि तो गंभीरपणे घ्या. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर चोरांच्या यादीत वर जातो. येत्या काही आठवड्यांत अण्णांना फोन येऊ शकतो: "सायबर पोलीस बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, परत मिळवायला प्रोसेसिंग फी भरा." तक्रारीचा विषय समोरचा बरोबर सांगेल, रक्कमही सांगेल. त्यामुळे खरंच वाटेल. पैसे परत करायला कुठलंही पोलीस ठाणं, कुठलीही बँक, कुठलंही न्यायालय फोनवर फी मागत नाही. किंवा दुसरा फोन येईल, की तुमच्या आधारवर घेतलेल्या सिममधून गुन्हा घडलाय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. खुद्द पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे देशाला सांगावं लागलं. या फोनची खूण एकच: 'कुणाला सांगू नका.' जो हे वाक्य म्हणतो तो चोर, असं अण्णांना सांगा. आणि मगाशी मी दादाच्या ओरडण्याबद्दल जे बोलले ते इथे पुन्हा आठवा. ज्या माणसाला घरात सांगायची आधीच भीती वाटते, त्याला "घरात सांगू नका" हे वाक्य किती पटकन पटेल!

बँकेचा खरा फोन ओळखायला आता थोडी मदत झाली आहे. बँकांचे सेवेचे कॉल १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरवरून यावेत आणि त्यांच्या संकेतस्थळाच्या नावाचा शेवट 'डॉट बँक डॉट इन' असावा, अशी व्यवस्था आणली गेली आहे. तरीही कुठल्याही कॉलवर अण्णांनी काही न करता ठेवून द्यावं आणि पासबुकावरच्या नंबरवर स्वतः फोन करावा. उद्धटपणा वाटेल त्यांना. त्यांना सांगा, बँकेत सत्तावीस वर्षं काढलेली बाई सांगतेय, आम्हाला राग येत नाही.

आवाजाचंही आता खरं धरता येत नाही. रीलमधल्या काही सेकंदांच्या आवाजावरून हुबेहूब आवाज बनवता येतो, आणि "अण्णा, माझा अपघात झालाय, पैसे पाठवा" असा फोन तुमच्या आवाजात येऊ शकतो. घरात एक खुणेचा शब्द ठरवा. तुमच्या लहानपणचं एखादं नाव, दावणीच्या म्हशीचं, गावच्या एसटी ड्रायव्हरचं, जे फेसबुकवर कुठे लिहिलेलं नाही. पैशाचा विषय निघाला की आधी तो शब्द विचारायचा. शब्द अण्णांनाच निवडू द्या. आणि तो कुणाला लिहून पाठवू नका, मलाही नाही.

आता बँक.

"ओटीपी गेला म्हणजे चूक तुमची" हे साहेब तोंडी म्हणाले. तोंडी उत्तर घेऊन परत यायचं नाही. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला यासाठी नियम घालून दिले. दोष बँकेचा असेल तर ग्राहकानं काहीच सोसायचं नाही. दोष बँकेचा नाही, ग्राहकाचाही नाही, तिसऱ्याच कुणाचा आहे आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंतच तोशीस. त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. आणि ग्राहकाचा निष्काळजीपणा होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, अण्णांवर नाही.

तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. बँक म्हणेल, ॲप त्यांनी स्वतः बसवलं, हा निष्काळजीपणा. हा मुद्दा त्यांच्या बाजूनं जड आहे. पण तुमच्याकडेही प्रश्न आहेत, आणि ते लेखी विचारा. रविवारी रात्री हे तीन व्यवहार कुठल्या उपकरणावरून झाले? अण्णांच्या फोनऐवजी नव्या फोनवर बँकेचं ॲप नोंदलं गेलं असेल, तर तेव्हा बँकेनं काय तपासलं? दर महिन्याला पेन्शनमधून पाच-दहा हजार काढणाऱ्या ७१ वर्षांच्या खातेदाराच्या खात्यातून रात्री ओळीनं तीन मोठ्या रकमा गेल्या, तेव्हा कुठलीच घंटा का वाजली नाही? अण्णांना सूचनेचा मेसेज फोनमधल्या ॲपमुळे दिसलाच नाही, हेही लिहा, कारण दिवस मोजायची सुरुवात तिथून होते. बँकेचं या विषयावरचं संचालक मंडळानं मंजूर केलेलं धोरण मागा.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. आणखी एक वाट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे ऐकतात. महाराष्ट्रात या अधिकाऱ्यांनी याआधी बँकांना ग्राहकांचे पैसे भरून द्यायला लावलं आहे. आणि रोखून धरलेल्या ४१ हजारांसाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. तक्रारीचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि त्यासाठी काय अर्ज करायचा ते विचारा. आमच्या हद्दीत येत नाही असं म्हणून कुठलंही ठाणं तुम्हाला परत पाठवू शकत नाही.

बँकेचा अर्ज मात्र दादानं लिहू नये, तुम्हीही नाही. अण्णांना लिहू द्या. तारीख, वेळ, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, काय दिसलं, काय केलं. त्यांच्याइतकं नेटकं तुमच्या घरात कुणी लिहीत नसेल. दोन प्रती काढा, एकीवर शाखेचा आवक शिक्का घ्या. त्या दिवशी अण्णांबरोबर शाखेत जा, पण रांगेत त्यांना उभं करू नका. शाखा व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये जा, खुर्ची मागा, दार लोटून घ्यायला सांगा. मग तुम्ही गप्प बसा आणि बोलू द्या अण्णांना.

आणि निघण्याआधी, आदल्या रात्री जमलं तर, त्यांच्याकडून निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर एक आवाजी मेसेज टाकून घ्या. पत्रिका आली कशी, फोननं काय विचारलं, मी काय दाबलं, हे त्यांनी वर्गात सांगायचे तसं सांगावं. त्या ग्रुपवर आणखी कुणीतरी नक्की असेल, ज्याच्याकडे ही पत्रिका आली आहे आणि ज्यानं अजून घरात सांगितलेलं नाही.